‘वॉन्ट’ नावाची मुलगी

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना एक वाक्प्रयोग चांगलाच परिचयाचा असेल. उसळत्या चेंडूंपुढे एखाद्या फलंदाजाची त्रेधा उडाली, की समालोचक म्हणतो, तो ‘फाउंड वॉन्टिंग’. आपल्याला अर्थ लगेच कळतो. गडी कमी पडला. आपण पुढच्या चेंडूकडे वळतो.

पण इथे एक कोडं आहे. ‘वॉन्ट’ म्हणजे हवं असणं, हे आपण शाळेत अगदी सुरुवातीला शिकलो. मग या फलंदाजाला नेमकं काय हवं होतं?

त्याला काहीच नको होतं. या प्रयोगात ‘वॉन्ट’चा अर्थ आहे कमी असणं, उणं असणं. शब्दाचा जुना अर्थ हाच आहे. ‘हवं असणं’ हा अर्थ फार नंतर आला आणि त्याने घर असं बळकावलं, की जुना मालक आता दोन-चार ठरीव वाक्प्रयोगांपुरता ओसरीवर उरला आहे.

नार्नियाच्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईसने १९६० साली शब्दांच्या अर्थांवर ‘स्टडीज इन वर्ड्स’ नावाचं एक पुस्तक लिहिलं. त्यात तो एक सावधगिरीची सूचना देतो. जुनी पुस्तकं वाचताना अनोळखी शब्द आपल्याला फारसे फसवत नाहीत, कारण त्यांच्यासाठी आपण कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. त्यांचा आजचा अर्थ मागच्या वाक्यात चपखल बसतोय असं वाटतं आणि आपण चुकीचा अर्थ घेऊन बिनधास्त पुढे जातो. लुईस अशा अर्थाला ‘धोकादायक अर्थ’ म्हणतो. ‘वॉन्ट’ हा मला या धोक्याचा सगळ्यात चांगला नमुना वाटतो. कारण इथे चूक झाली, की नुसता शब्दार्थ बदलत नाही. उपाशी माणूस हावरा ठरतो.

उणे

आधी शब्दाचं मूळ पाहू. इंग्रजीत ‘वॉन्ट’ आला तो उत्तरेकडून, नॉर्स भाषा बोलणाऱ्या लोकांकडून. त्यांच्या ‘वांता’ या क्रियापदाचा अर्थ होता नसणं, कमी असणं. इसवी सन १२०० च्या आसपास तो इंग्रजीत दिसू लागतो आणि पुढची काही शतकं त्याच अर्थाने वावरतो. ‘इच्छा असणं’ या अर्थाचे लिखित दाखले मिळतात ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून.

या शब्दाचं कुटुंब मोठं आहे. चंद्र कलेकलेने कमी होतो त्याला इंग्रजीत ‘वेन’ म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. लॅटिनमार्गे आलेले ‘व्हेन’ म्हणजे पोकळ, व्यर्थ, आणि ‘व्हेकन्ट’, ‘व्हॅक्यूम’ हे चुलत भाऊ. आणि याच कुळातला संस्कृत शब्द आहे ‘ऊन’. दुपारचं ऊन नव्हे, ते ‘उष्ण’वरून आलं. हा ‘ऊन’ म्हणजे कमी. आपला ‘उणा’, ‘उणीव’, ‘उणापुरा’ हे सगळे त्याचेच. थंडीत काश्मीरचं तापमान ‘उणे पाच’ होतं तेव्हाचा उणेही तोच. आणि आपण एकोणीस म्हणतो तेव्हा ‘एक ऊन वीस’ म्हणत असतो : विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे तो लपून बसलेला आहे. म्हणजे ‘वॉन्ट’चा दूरचा नातेवाईक आपण रोज पैसे मोजताना वापरतो.

या नात्याचा एक सुंदर योगायोग बायबलच्या भाषांतरात सापडतो. दाविदाचं तेविसावं स्तोत्र हॉलिवूडच्या सिनेमांतल्या अंत्यविधींमुळे ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असतं. देव हा मेंढपाळ आहे, त्यामुळे भक्ताला काही कमी पडणार नाही, असा त्याच्या सुरुवातीचा आशय. १६११ च्या किंग जेम्स बायबलात इथे ‘वॉन्ट’ हे क्रियापद आहे. आजच्या इंग्रजी मुलाला ते भलतंच ऐकू येतं : देव माझा मेंढपाळ आहे आणि मला तो नकोय! म्हणून नव्या इंग्रजी भाषांतरांनी शब्दच बदलला; २०११ च्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’मध्ये तिथे ‘लॅक’ आहे. मराठी बायबलात मात्र याच जागी ‘उणे’ आहे. इंग्रजीला ज्या जुन्या घरातून बाहेर पडावं लागलं, त्याच घरातला शब्द मराठी भाषांतरकाराने सहज उचलला.

आता, कमी असण्यापासून हवं असण्यापर्यंत शब्द पोहोचला कसा? त्यात गूढ काही नाही. ज्याची कमतरता आहे ते मिळावंसं वाटतं, आणि वापरता वापरता अर्थाचा भार पहिल्या गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर सरकतो. मराठीचा ‘पाहिजे’ अशाच वाटेवरून आला आहे. मुळात तो ‘पाहणे’चा जुना कर्मणी प्रयोग, ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’ अशा अर्थाचा. आता ‘मला चहा पाहिजे’ ही इच्छा असते, ‘भाजीला मीठ पाहिजे होतं’ ही उणीव असते, ‘तू जायला पाहिजेस’ हे कर्तव्य असतं. भाजीला मिठाची इच्छा होत नाही हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ब्रिटनमध्ये अजूनही दाराला रंगाची किंवा केसांना कात्रीची ‘वॉन्ट’ असते, ती अशीच.

वधू पाहिजे

हा खुलासा हाताशी ठेवून जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’कडे जाऊ. १८१३ सालच्या या कादंबरीचं पहिलं वाक्य इंग्रजीतल्या सगळ्यात प्रसिद्ध वाक्यांपैकी एक आहे. मग्जवर, टी-शर्टवर, इन्स्टाग्रामच्या बायोत, सगळीकडे ते भेटतं. खिशात पैसा असलेला अविवाहित पुरुष म्हटला की तो बायकोच्या बाबतीत ‘इन वॉन्ट’ असणारच, हे जगन्मान्य सत्य आहे, अशा थाटात ऑस्टिन सुरुवात करते.

आजच्या कानाला यात इच्छा ऐकू येते. श्रीमंत तरुणाला लग्न करायचंय. म्हणजे एक गोड रोमँटिक प्रस्तावना. पण ‘इन वॉन्ट ऑफ’ म्हणजे इच्छुक नव्हे. त्याचा अर्थ त्याच्याकडे ती गोष्ट नाही, तिची त्याला गरज आहे. ही गरज कुणी ठरवली? त्याने तर नाही. पुढच्याच वाक्यात ऑस्टिन सांगते, की असा माणूस शेजारात राहायला आला की त्याच्या मनात काय आहे याचा पत्ताही नसताना आसपासची कुटुंबं त्याला आपल्या मुलींची मालमत्ता समजू लागतात. दाराला रंगाची गरज आहे हे जसं दार सांगत नाही, शेजारी सांगतात, तसंच हे. पहिल्या वाक्यातला विनोद इथे आहे, आणि ‘वॉन्ट’चा अर्थ इच्छा असा घेतला की तो हातातून निसटतो.

मला हे वाक्य वाचताना मराठी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आठवतात. ‘वधू पाहिजे.’ कुणाला पाहिजे? वाक्याला कर्ताच नाही. मुलाला, आईला, घराण्याला की चुलीला? जाहिरात सांगत नाही. ‘पाहिजे’तला जुना कर्मणी प्रयोग अजून आपलं काम करतोय : माणसाची इच्छा बाजूला ठेवून रिकामी जागा तेवढी जाहीर करतोय. ऑस्टिनच्या पहिल्या वाक्याचा मराठी अनुवाद या दोन शब्दांत आधीच होऊन बसला आहे.

पण ऑस्टिन तिथेच थांबत नाही. हाच शब्द बाविसाव्या प्रकरणात पुन्हा येतो, आणि तेव्हा हसू मावळतं. नायिका एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्युकस सत्तावीस वर्षांची आहे. रूप बेताचं, पैसा नाही. ती कॉलिन्स नावाच्या एका मूर्ख, लाळघोट्या पाद्र्याला होकार देते. प्रेम नाही, आदरही नाही. का, ते सांगताना ऑस्टिन म्हणते, की शिकलेल्या पण गरीब मुलीसाठी लग्न हा ‘वॉन्ट’पासून बचावाचा एकच अब्रूदार मार्ग होता. इथे ‘वॉन्ट’चा अर्थ इच्छा घेऊन पाहा, वाक्य कोसळतं. इथे तो शब्द म्हणजे म्हातारपणी भावाच्या दारात आश्रित म्हणून बसणं.

२००५ च्या सिनेमात शार्लट एलिझाबेथला आपली भीती बोलून दाखवते, तो प्रसंग रील्समुळे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. कादंबरीत तो तसा नाही. कादंबरीत ते सगळं एका शब्दात आहे, आणि तो शब्द पहिल्या वाक्यातून इथवर चालत आलेला आहे. पहिल्या वाक्यात ज्याच्याकडे सगळं आहे त्याला ‘वॉन्ट’ आहे असं लोक म्हणतात. बाविसाव्या प्रकरणात जिच्याकडे काहीच नाही तिची ‘वॉन्ट’ खरी असते. दोन्ही जागांमधलं अंतर हाच या कादंबरीचा विषय आहे, असं मला वाटतं. बेनेट घरातल्या पाच मुलींच्या डोक्यावरचं छप्परही वडिलांच्या मागे याच कॉलिन्सकडे जाणार असतं, हे विसरून चालत नाही. ऑस्टिन स्वतः १८०५ साली वडील गेल्यावर आई आणि बहिणीसोबत भावांच्या मदतीवर राहिली. या कादंबरीचे हक्क तिने ११० पौंडांना विकले. ‘वॉन्ट’ हा शब्द तिने कोशातून घेतलेला नव्हता.

झग्याखालची दोन मुलं

ऑस्टिनच्या बाबतीत चुकीच्या अर्थाने विनोद हुकतो. डिकन्सच्या बाबतीत चुकीच्या अर्थाने न्याय उलटा होतो.

‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ च्या डिसेंबरमध्ये आलं. कवडीचुंबक स्क्रूजला नाताळच्या रात्री तीन भुतं भेटतात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या दुसऱ्या भुताच्या झग्याखाली दोन मुलं लपलेली असतात. हाडं निघालेली, फाटक्या कपड्यांतली, भेदरलेली आणि हिंस्रही. ही कुणाची, असं स्क्रूज विचारतो. भूत सांगतं, माणसांची. मुलाचं नाव ‘इग्नरन्स’ म्हणजे अज्ञान. मुलीचं नाव ‘वॉन्ट’.

आमच्या एका लहानशा वाचनगटात हा भाग वाचला, तेव्हा एका हुशार मुलाने याची छान उकल करून दाखवली. अज्ञान आणि हाव, असे माणसाचे दोन दुर्गुण इथे मुलांच्या रूपात आले आहेत. स्क्रूज हावरा आहे म्हणून त्याला त्याचीच हाव दाखवली जाते. तर्क पक्का होता. आजच्या इंग्रजीत दुसरा अर्थ निघणंच अवघड. पण या अर्थाने बघा काय झालं : लंडनच्या रस्त्यावरची उपाशी पोर स्क्रूजच्या पापाचं चित्र बनली. तिची भूक गायब झाली.

आणि डिकन्स तर भुकेबद्दलच लिहीत होता. त्या वर्षी बालकामगारांच्या स्थितीवरच्या सरकारी चौकशीचा अहवाल त्याने वाचला होता आणि तो हादरला होता. सप्टेंबरमध्ये त्याने लंडनमधल्या फील्ड लेन इथली, रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेली शाळा पाहिली होती. त्यावर पत्रक काढण्याचा त्याचा विचार होता. मग ते बाजूला ठेवून त्याने गोष्ट लिहिली. गोष्टीच्या सुरुवातीलाच दोन गृहस्थ स्क्रूजकडे गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात आणि त्यांच्याही बोलण्यात ‘वॉन्ट’ येतो, विपुलतेच्या विरुद्ध बाजूला. त्यावर स्क्रूज तुरुंग आणि वर्कहाउसं बंद पडली का, असं विचारतो, आणि जे मरतील त्यांनी जादा लोकसंख्या कमी करावी असं सुचवतो. दुसरं भूत पुढे त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं. ती मुलगी स्क्रूजचा दुर्गुण नाही. ती स्क्रूजने केलेली वजाबाकी आहे.

टर्की आणि तांदूळ

जुना अर्थ सार्वजनिक भाषेत शेवटचा ठळकपणे वावरला तो दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांचं भाषण केलं. त्यातलं तिसरं होतं ‘वॉन्ट’पासून स्वातंत्र्य. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला. त्यात समाजापुढचे पाच राक्षस होते : रोगराई, अज्ञान, बकालपणा, बेकारी आणि पहिला ‘वॉन्ट’. डिकन्सची दोन्ही पोरं शंभर वर्षांनी सरकारी कागदात राक्षस होऊन आली, आणि या वेळी त्यांच्याशी लढायचं ठरलं.

मार्च १९४३ मध्ये नॉर्मन रॉकवेलने याच तिसऱ्या स्वातंत्र्यावर काढलेलं चित्र ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये छापलं गेलं. पांढरंशुभ्र टेबल, हसरे चेहरे आणि आजी मधोमध ठेवत असलेली भलीमोठी भाजलेली टर्की. चित्र लाडकं झालं, आजही त्याची विडंबनं फिरतात. पण नाव आहे कमतरतेपासून सुटका, आणि चित्रात आहे सुबत्ता. शब्दाचा अर्थ कुठून कुठे घसरत होता, ते मला या टर्कीत दिसतं.

त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. बळींचे अंदाज वीस ते तीस लाखांचे आहेत. लहानपणी हे पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये दाखवलं, की तिथे प्रश्न केवळ तांदूळ कमी असण्याचा नव्हता, तो विकत घेण्याची ताकद लोकांच्या हातातून गेली होती. बाजाराला ती भूक ऐकू आली नाही, कारण तिच्यामागे पैसा नव्हता. इच्छा मोजणाऱ्या हिशेबात उणीव दिसत नाही.

अमर्याद गरजा

हा फक्त इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न नाही. अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेतलं असेल, तर सुरुवातीच्या पानांवरचं एक विधान तुम्ही पाठ केलेलं असणार. इंग्रजी माध्यमात ‘वॉन्ट्स’ अमर्याद असतात. मराठी माध्यमात ‘गरजा’ अमर्याद असतात.

इंग्रजी विधान पटण्यासारखं आहे. इच्छांना अंत नसतो. एक फोन घेतला की पुढचा खुणावतो. पण गरजा? भाकरी, पाणी, औषध, छप्पर, शाळा. यादी मोठी आहे, पण तिला शेवट आहे. पाठ्यपुस्तकाने ‘वॉन्ट’चा नवा अर्थ इंग्रजीतून घेतला आणि त्याला जुन्या अर्थाच्या जवळचा मराठी शब्द लावला. पारिभाषिक शब्द म्हणून ते चालेल, असं कुणी म्हणेल. पण मुलं पारिभाषिक शब्द वर्गात ठेवून घरी जात नाहीत. मोर्चा निघाला, की ‘यांच्या गरजा संपतच नाहीत’ म्हणणारे लोक आपण सगळ्यांनी ऐकलेत. टँकर मागणारं गाव आणि दुसरी गाडी मागणारं घर एकाच शब्दात बसवलं, की दोघांनाही तोच उपदेश करता येतो : जरा कमी मागा.

तिचं मराठी नाव

मग डिकन्सच्या त्या मुलीला मराठीत काय म्हणावं? मी हा खेळ बरेच दिवस खेळतोय.

कमी असण्यासाठी मराठीकडे शब्दांची रेलचेल आहे, आणि यामागे या प्रदेशाचा इतिहास असणार. उणीव, ददात, वानवा, चणचण, टंचाई, भ्रांत, नड. गंमत म्हणजे हे सगळे स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे मुलगी म्हणून कुणीही चालेल. पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. ‘उणीव’ सभ्य आहे. सत्कार समारंभात कुणाची तरी जाणवते. ‘वानवा’ चांगल्या वक्त्यांची असते. ‘चणचण’ महिनाअखेरीची, एक तारखेला जाते. ‘टंचाई’ तहसील कचेरीत नोंदवलेली. ‘ददात’ मला फार आवडते, पण ती बिचारी नकाराशिवाय बाहेरच पडत नाही. कशाची ददात नाही, असंच आपण म्हणतो. ‘भ्रांत’ जवळ येते, दोन वेळच्या जेवणाची असते म्हणून, पण तिच्यात चिंता जास्त आहे, पोट कमी.

माझं मत ‘नड’ला. अडलानडला माणूस दारी येतो ती नड. नड भागवावी लागते; ती टाळता येत नाही आणि तिची चैनही करता येत नाही. हावेचा वास तिला कुठून येत नाही. आणि तिची आणखी एक बाजू आजच्या बोलण्यात सगळ्यांना माहीत आहे. ‘त्याला नडू नको’ म्हणतो तेव्हा नडणं म्हणजे आडवं येणं, भिडणं. भुताने स्क्रूजला ती दोन मुलं दाखवली ती दया यावी म्हणून नव्हे फक्त. या दोघांपासून सावध राहा, असंही त्याने बजावलं होतं. ज्यांची नड भागवली नाही, ती पोरं एक दिवस नडतात.